सीकेम फ्लरिश: लोहासाठी जरूर घ्या, बाकीची सोय वेगळी करा

प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या फिश टँकसाठी, पहिलं लिक्विड खत कोणतं घ्यायचं असं कोणी विचारलं की दहातली आठ माणसं सीकेमचं फ्लरिश सांगतात, मीपण सांगते. मी ते बरेच दिवस वापरतेय, संपलं की परत आणते, त्यामुळे हा रिव्ह्यू तक्रारीचा नाहीये. पण लोक ते ज्या भरवशावर घेतात ना, की एक बाटली आणली म्हणजे झाडांच्या खाण्याची सगळी चिंता मिटली, तो भरवसा बाटलीच्या मागचे बारीक अक्षरातले आकडे वाचले की टिकत नाही. आणि ते आकडे कोणी वाचतच नाही, पुढचं हिरवंगार चित्र बघतात आणि घेतात.

तर आधी आकडेच. यादीत सगळं दिसतं, नायट्रोजन, फॉस्फेट, पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, मँगनीज, बोरॉन, झिंक, मॉलिब्डेनम, अगदी कोबाल्टसुद्धा. पण प्रमाण बघा, नायट्रोजन ०.०७ टक्के, फॉस्फेट ०.०१ टक्के, पोटॅश ०.३७ टक्के आणि लोह ०.३२ टक्के. लेबलवरचा डोस आहे २५० लिटरला ५ मिली, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. आता पाच मिलीत लोह येतं साधारण १६ मिलिग्रॅम, ते २५० लिटरमध्ये पसरलं की ०.०६ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, दोनदा टाकलं की आठवड्याला ०.१ च्या वर जातं, घरच्या टँकला तेवढं लोह व्यवस्थित पुरतं. पण हाच हिशोब नायट्रोजनचा केला तर एका डोसला नायट्रेट वाढतं ०.०६ पीपीएम! एस्टिमेटिव्ह इंडेक्सवाले लोक (टॉम बार यांची पद्धत, भरपूर खत टाका आणि दर आठवड्याला अर्धं पाणी बदला) आठवड्याला २० पीपीएमच्या आसपास नायट्रेट टाकतात, म्हणजे कुठे ते आणि कुठे हे. फॉस्फेट तर दशांश चिन्हानंतर दोन शून्यं सोडून सुरू होतं. पोटॅशच्या आकड्यात अजून एक गंमत आहे, खतांच्या लेबलवर पोटॅशियम हे ऑक्साइडच्या रूपात लिहायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे खरं पोटॅशियम हवं असेल तर त्या आकड्याला ०.८३ ने गुणायचं, तेही मग डोसमागे ०.०६ पीपीएमच उरतं.

म्हणजे हे मुख्यतः सूक्ष्मद्रव्यांचं (झाडाला अगदी थोडी लागणारी लोह, मँगनीज, बोरॉनसारखी द्रव्यं) खत आहे. जेवणात मिठाची जागा असते तशी याची जागा, त्याच्याशिवाय चालत नाही पण नुसत्या त्याच्यावर पोट भरत नाही. कंपनी हे लपवत वगैरे नाही हां, त्यांच्याच रेंजमध्ये नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम अशा वेगवेगळ्या बाटल्या आहेत, आपणच एक घेऊन मोकळे होतो.

मग इतक्या लोकांचे टँक नुसत्या या एका बाटलीवर मस्त कसे चालतात? माशांमुळे. फिश फूडमध्ये प्रोटीन असतं, मासे ते खातात, त्यातून अमोनिया बाहेर पडतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि फॉस्फेटपण त्याच खाण्यातून येतं. टँकमध्ये मासे भरपूर, झाडं सावकाश वाढणारी, लाइट मध्यम, असं असेल तर नायट्रोजन आणि फॉस्फरस फुकटात मिळतो, आणि जे मिळत नाही ते म्हणजे लोह आणि सूक्ष्मद्रव्यं, तीच फ्लरिश देतं. अशा टँकला हे खत एकदम फिट बसतं, अनुबियास, जावा फर्न, मॉस, थोडे क्रिप्ट्स (क्रिप्टोकोरिन) आणि टेट्रा माशांचा थवा असा सेटअप असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही, फार तर थोडं पोटॅशियम.

पोटॅशियमवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. फिश फूडमधून नायट्रोजनच्या मानाने पोटॅशियम फार येत नाही, नळाच्या पाण्यातही बहुतेक वेळा कमीच असतं, आणि फ्लरिशमधलं तर वर बघितलंच. ते कमी पडलं की जावा फर्न किंवा हायग्रोफिलाच्या जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागतात, भोकाच्या कडेला पिवळी किंवा काळपट रिंग येते, आणि माणूस आधी गोगलगायींवर संशय घेतो. बिचाऱ्या गोगलगायी. मग कोणीतरी सांगतं फ्लरिशचा डोस दुप्पट कर. दुप्पट काय चौपट केला तरी पोटॅशियम पाव पीपीएमसुद्धा होत नाही, लोह मात्र चौपट होतं. जे द्रव्य सगळ्यात कमी तेच वाढ अडवतं, बाकीची कितीही ओता, हे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच शेतीच्या बाबतीत सांगून ठेवलंय आणि ते काचेच्या पेटीतल्या झाडांनाही तसंच्या तसं लागू होतं.

म्हणून डोस वाढवायच्या आधी पानं बघायची, आणि त्यातही आधी जुनी पानं बिघडलीत की नवी हे बघायचं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड स्वतः हलवू शकतं, कमी पडली की जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, त्यामुळे खालची पानं आधी जातात. खालची पानं सरसकट पिवळी पडून गळताहेत तर नायट्रोजन, भोकं तर पोटॅशियम, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका तर मॅग्नेशियम. लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून त्यांची बोंब नव्या पानांवर दिसते, नवं पान फिकट पिवळं किंवा जवळजवळ पांढरं येतंय आणि शिराच तेवढ्या हिरव्या तर लोह, नवं पान वाकडंतिकडं चुरगळलेलं येतंय तर कॅल्शियम बघा (किंवा सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमीजास्त होतोय का तेही बघा, लक्षणं सारखीच दिसतात). अनुबियासच्या पानावर ते घट्ट हिरवे ठिपके येतात ना, खरडले तरी निघत नाहीत, ते शेवाळ फॉस्फेट कमी असल्यावर बऱ्याचदा येतं. यातली फक्त नव्या पानांच्या फिकेपणाची केस फ्लरिश सोडवतं, आणि ती फार छान सोडवतं. माझ्याकडे रोटाला आणि लुडविगियाचे शेंडे फिके येत होते ते सुधारले, पण सुधारले म्हणजे नवीन आलेले, जुनं फिकं पान परत हिरवं होईल म्हणून वाट बघत बसू नका, नव्या वाढीवरूनच निकाल लावायचा.

आता यातलं लोह कोणत्या रूपात आहे ते महत्त्वाचं आहे. बऱ्याच खतांत लोह ईडीटीए किंवा डीटीपीए या लोह धरून ठेवणाऱ्या रसायनांना बांधलेलं असतं, फ्लरिशमध्ये ते ग्लुकोनेट आहे. फायदा असा की झाडाला ते पटकन उचलता येतं. तोटा असा की त्याची बांधणी सैल आहे, पाणी जड (क्षार जास्त असलेलं) आणि पीएच सातच्या वर असेल तर ते लवकर सुटतं आणि झाडांच्या उपयोगाचं राहत नाही. ईडीटीएचीही जड पाण्यात फार कमाल नाही म्हणा, तिथे डीटीपीए जास्त टिकतं. त्यामुळे माझं मत, लेबलवर आठवड्यातून एकदा-दोनदा लिहिलंय ते सोपं जावं म्हणून, पण तोच आठवड्याचा एकूण डोस तोडून थोडा थोडा रोज किंवा एक दिवसाआड, लाइट लागायच्या सुमारास टाकला तर झाडांच्या वाट्याला जास्त येतो. लोहाची टेस्ट किट मुद्दाम यासाठी आणायची गरज मला वाटत नाही, शेंडे सांगतात.

श्रिंप म्हणजे छोटी कोळंबी पाळणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न, यात कॉपर (तांबं) आहे का. आहे, ०.०००१ टक्के. वरच्याच पद्धतीने हिशोब केला तर डोसमागे ०.००००२ पीपीएम, त्याला घाबरण्यात अर्थ नाही, माझ्या चेरी श्रिंप मजेत आहेत आणि पिल्लंही होताहेत. माशांच्या औषधातलं कॉपर वेगळं, ते श्रिंपला खरंच मारतं, त्याच्यावरून खताला झोडपू नका.

मुळांतून जेवणाऱ्या झाडांचं काय? अॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया यांना पाण्यात टाकलेलं खत मिळतं, पण साधी वाळू किंवा बारीक खडी असेल तर ती मंडळी रूट टॅबवरच (मुळांजवळ खोचायची खताची गोळी) खरी फोफावतात. मोठा स्वोर्ड तर हावरटच असतो, मुळांपासून थोड्या अंतरावर टॅब खोल खोचायचा आणि दर काही महिन्यांनी परत. उलट अनुबियास, जावा फर्न, ब्युसेफालँड्रा यांचं रायझोम (ज्याच्यातून पानं-मुळं फुटतात ते आडवं खोड) जमिनीत पुरायचंच नाही, लाकडाला किंवा दगडाला बांधायचं, त्यांचं बरंचसं खाणं पाण्यातूनच, म्हणून त्यांना लिक्विड खताचा उपयोग जास्त. नुसत्या स्वोर्डचा टँक असेल तर फ्लरिशऐवजी आधी टॅब घ्या असंच मी म्हणेन.

ज्यांच्याकडे मासे कमी, झाडं दाट आणि लाइट जोरात आहे, त्यांना ही एकटी बाटली पुरणार नाही. त्यांच्यासाठी दोन रस्ते. एक म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरससकट सगळं असलेलं ऑल-इन-वन खत घ्यायचं, जसं ट्रॉपिकाचं स्पेशलाइज्ड (त्यांचंच प्रीमियम घेऊ नका, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस नाही, बाटल्या बघून घ्या). दुसरा म्हणजे फ्लरिश ठेवायचं आणि मॅक्रो, म्हणजे जास्त लागणारं नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, सुक्या क्षारांतून द्यायचं, मी हेच करते. पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम १०० लिटरला टाकलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएम आणि पोटॅशियम ४ पीपीएम वाढतं, नुसतं पोटॅशियम हवं तर पोटॅशियम सल्फेट १ ग्रॅम १०० लिटरला, साडेचार पीपीएम मिळतं. मोनोपोटॅशियम फॉस्फेट मात्र चिमटीने नाही, वजनकाट्यावरच, ०.१ ग्रॅममध्येच १०० लिटरला फॉस्फेट ०.७ पीपीएम होतं. आणि हे सगळं एकाच बाटलीत फ्लरिशबरोबर कालवून ठेवायचं नाही, लोह आणि फॉस्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की साका बनून तळाला बसतो. एक दिवस मॅक्रो, एक दिवस फ्लरिश.

खत टाकलं की शेवाळ येतं ही भीती पण खूप जणांना असते. माझ्या अनुभवात शेवाळाचं पहिलं कारण दहा-बारा तास चालू ठेवलेला लाइट, दुसरं कुजणारी पानं आणि उरलेलं खाणं, खताचा नंबर बराच नंतर. लाइट सहा ते आठ तासांवर आणा, आठवड्याचं पाणी बदला, मग खताला दोष द्या. आणि खूप जोराचा लाइट लावून सीओटू काहीच नाही अशा टँकमध्ये कोणतंही खत चमत्कार करणार नाही, झाडाच्या सुक्या वजनात जवळजवळ ४० टक्क्यांच्या पुढे कार्बनच असतो, तो या बाटलीत नाही.

वापरायला सोपं आहे. तपकिरी पातळ द्रव आहे, डोसाएवढ्याने पाण्याला रंग येत नाही. बूच भरून ५ मिली होतं आणि बुचाच्या आतला एकेक आटा साधारण १ मिलीचा धरायचा, पण ५० लिटरच्या टँकला १ मिली असं त्या आट्यांवरून नीट मोजणं कठीणच, सुई काढलेली छोटी सिरिंज घ्या. सिरिंज थेट बाटलीत बुडवू नका, बुचात ओतून त्यातून घ्या, ग्लुकोनेट हे शेवटी ग्लुकोजपासून बनलेलं असतं, बाटलीत घाण गेली तर बुरशी धरू शकतं, आणि बाटली उन्हात किंवा टँकच्या लाइटशेजारी ठेवू नका. मोठी बाटली घ्यायच्या मोहात पडू नका, ५० लिटरच्या टँकला आठवड्यातून दोनदा १ मिली म्हटलं तर १०० मिलीची छोटी बाटलीच जवळजवळ वर्षभर जाते.