ओलीच्या भिंतीला चुना की वॉटरप्रूफ रंग?

झड लागली की काळ्या मातीवरच्या घरांत पलंगामागची भिंत फुगते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दुकानदार वॉटरप्रूफ रंगाचा डबा पुढे करतो, घरातली म्हातारी माणसं चुना मारा म्हणतात.

माझा कौल चुन्याला. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी पायव्यातून भिंतीत चढतं. आतून प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती रंगालाच ढकलते आणि पुन्हा पोपडे निघतात. चुन्यातून भिंत श्वास घेते. शिवाय ताजा चुना इतका क्षारीय असतो की त्यात बुरशी तग धरत नाही. हा गुण हवेनं हळूहळू कमी होतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात, भिंत खडखडीत वाळल्यावर नवा हात द्यावा लागतो. हाताला पांढरं लागतं, हे खरं. जुना ऑइल पेंट आधी पूर्ण खरवडा, नाहीतर चुना धरणार नाही. कालवताना डोळे फार सांभाळा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

वॉटरप्रूफ रंग बाहेरून, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लावा. तिथं तो कामाचा आहे.

छत गळत असेल किंवा न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरत असेल, तर दोन्ही खर्च वाया. आधी ते बंद करा. आणि त्या खोलीत कापसाची गंजी भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा.