इनस्क्रिप्ट कळफलक: ‘ख’ला शिफ्ट पुरतो, ‘म्ह’ला तीन बटणं लागतात

मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट शिकावा का? शिकावा. कारण त्याची मांडणी शाळेतल्या अल्पप्राण-महाप्राणावर बेतलेली आहे. क-वर्ग, त-वर्ग अशा व्यंजनांच्या वर्गातलं पहिलं आणि तिसरं व्यंजन अल्पप्राण, दुसरं आणि चौथं महाप्राण, म्हणजे ‘ह’कार मिसळलेलं. तळवा ओठांसमोर धरून ‘कार’ आणि ‘खार’ म्हणा, ‘ख’ला वाऱ्याचा झोत लागेल. ‘बार–भार’ला मात्र तळव्यावर विसंबू नका, ‘भ’मध्ये झोत कमी, घशातला घोगरेपणा जास्त.

इनस्क्रिप्टमध्ये ही जोडी एकाच बटणावर असते. ‘के’वर क, शिफ्ट दाबून ख. ‘आय’वर ग-घ, ‘एल’वर त-थ, ‘ओ’वर द-ध, ‘वाय’वर ब-भ. दहा बटणांत वीस व्यंजनं बसली. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायच्या रोमन पद्धतीत ‘टीएच’ म्हणजे थ की ठ, हा घोळ इथे नाही.

पण शिफ्ट म्हणजे महाप्राण असं पाठ केलंत तर फसाल. ण, ळ, श हेही शिफ्टवरच आहेत, आणि खुद्द ‘ह’ ‘यू’वर शिफ्टविना.

खरी गोची पुढे आहे. मराठीत म्ह, न्ह, ल्ह हेही कानाला एकेक महाप्राण ध्वनीच (म्हैस, उन्हाळा, कोल्हा), पण त्यांना स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे बटणही नाही. ‘म्ह’साठी सी, डी, यू असा क्रम: म, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ह. उलटा दाबला की ‘ह्म’. ‘ब्राह्मण’मध्ये तोच उलटा क्रम हवा. आपण बोलतो ‘ब्राम्हण’, म्हणून बोटंही तसंच लिहून जातात.

‘वऱ्हाड’, ‘गऱ्हाणं’ यांतला ऱ्ह तर हमखास चुकतो. शिफ्ट-जे, डी, यू. शिफ्ट विसरलात की रफार ‘ह’च्या डोक्यावर चढतो आणि ‘वर्हाड’ उमटतं. शिफ्ट-जेवरचा हा ‘ऱ’ नवशिक्याला पहिल्याच दिवशी दाखवावा. बहुतेक तक्त्यांत तो दिसतो, पण कशासाठी आहे ते लिहिलेलं नसतं.

‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, तरी बटण एकच. तो दोष लिपीचा, कळफलकाला त्याचे गुण कापू नयेत. ‘म्ह’साठी मात्र एक गुण कापला: इनस्क्रिप्टला पाचपैकी चार.

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट फुकट मिळतो. विंडोज बटण आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं.