वॅगनआर सीएनजी: चौदा महिने, तेवीस हजार किलोमीटर, आणि घरातली तिसरी

२०२४ च्या दसऱ्याला वॅगनआर घेतली. व्हीएक्सआय, सीएनजी, पांढरी. मी धुळ्यात देवपूरला राहते आणि साक्री रस्त्याला नेरच्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोजचे सत्तर किलोमीटर. शिवाय महिन्या-दोन महिन्यांतून माहेरी अमळनेर, अधूनमधून संभाजीनगर, एकदा सुरत. मीटरवर तेवीस हजार झालेत, तेव्हा आता चार गोष्टी लिहायला हरकत नाही.

आधीच सांगते, आमच्या घरातली ही तिसरी वॅगनआर. पहिली आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, २००४ ची. दुसरी आमची, २०१२ ची. त्यामुळे मी ही गाडी दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांशी ताडून बघत नाही, तिच्याच थोरल्या बहिणींशी बघते. ज्यांना दहा गाड्यांची तुलना हवी त्यांचा इथे फार फायदा नाही.

वॅगनआर आपल्याकडे आली १९९९ च्या डिसेंबरात. तेव्हा तिला सगळे 'डबा' म्हणायचे. आप्पांनी अमळनेरला चंदेरी रंगाची आणली त्या दिवशी गल्लीतल्या एकाने विचारलं होतं, "मास्तर, कपाट घेतलं का? चाकं पण लावून दिली वाटतं." आप्पा काही बोलले नाहीत. त्यांचं कारण वेगळंच होतं. आप्पा सहा फूट उंच आणि डोक्यावर कायम पांढरी टोपी. शोरूममध्ये दोन-तीन गाड्यांत बसून बघितलं, प्रत्येक वेळी टोपी छताला घासून डोळ्यांवर आली. वॅगनआरमध्ये बसले आणि टोपी जागच्या जागी राहिली. झाला सौदा. अॅव्हरेज, पिकअप, काही विचारलं नाही.

ती १.१ लिटरची चार सिलिंडरची गाडी. मी चोपडा रस्त्यावर तिच्यावरच शिकले. इंजिन इतकं शांत की फाटकाला उभी असताना बंद पडली समजून मी दोनदा चावी फिरवली, आणि दोन्ही वेळा स्टार्टर असा करकरला की शेजारचा ट्रकवाला खिडकीतून वाकून बघायला लागला. पुढच्या डाव्या सीटखाली एक ट्रे असायचा, ओढून काढता येणारा. आई त्यात चपला, पाण्याची बाटली आणि ओवा ठेवायची. एअरबॅग वगैरे तेव्हा कोणाच्या बोलण्यातही नव्हत्या. तिची पंधरा वर्षं २०१९ ला भरली, आप्पांनी आरटीओत जाऊन पाच वर्षं वाढवून घेतली. २०२४ ला पुन्हा तीच वारी करायची वेळ आली तेव्हा मात्र दिली काढून.

आमची २०१२ ची म्हणजे २०१० ला आलेला नवा सांगाडा आणि ९९८ सीसीचं के-१० इंजिन. सिलिंडर तीन. आप्पांनी बॉनेट उघडून ऐकलं आणि अहिराणीत म्हणाले, "रिक्षानं इंजिन शे का?" म्हणजे रिक्षाचं इंजिन आहे का. उभी असताना सीटला आणि गिअरच्या दांड्याला थरथर जाणवायची हे खरं. पण चालायला लागली की पहिलीपेक्षा चपळ, आणि पेट्रोल कमी प्यायची. तिची अडचण रुंदीची. जपानमध्ये छोट्या गाड्यांना १.४८ मीटर रुंदीची मर्यादा आहे, आणि हा सांगाडा तिथल्याच गाडीवरून आलेला, १.४७५ मीटरचा. पोरं लहान होती तोवर चाललं. दोघं दहावी-बारावीला आली आणि मधे सासूबाई, की घराबाहेर पडल्या पडल्या "सरक ना" सुरू. डिक्की १८० लिटरची. एक सूटकेस आणि एक पिशवी, संपलं.

२०१९ च्या जानेवारीत तिसरा अवतार आला. रुंदी एकदम १.६२ मीटर, लांबी साठ मिलिमीटरने जास्त, डिक्की ३४१ लिटर. आणि एवढी वाढूनही वजन उलट पन्नासेक किलोने घटलं. कागदावर हे वाचताना मला फार कौतुक वाटलं होतं. दार लावताना कळतं की काय कमी झालंय. आप्पांच्या गाडीचं दार 'धप्प' लागायचं, हिचं 'टक्' लागतं. सवय झाली आता, पण पाहुणे अजून दार दोनदा लावतात.

मागची सीट मात्र खरोखर सुधारली. दोन तरुण पोरं आणि मधे सासूबाई, तिघंही धुळे ते संभाजीनगर कुरकुर न करता गेले. बसायची उंची तीच राहिली. वाकायचं नाही की चढायचं नाही, खुर्चीवर टेकावं तसं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. आप्पा आता एक्याऐंशीचे आहेत, उजवा गुडघा गेलाय. "बेटा, हाई गाडीमा माले वाकनं पडत नही," एवढा त्यांचा अभिप्राय. आमच्याकडे तिसऱ्यांदा हीच गाडी का आली याचं उत्तर विचाराल तर एवढंच आहे.

आता गॅस. रोजचे सत्तर किलोमीटर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलवर काढणं मास्तरणीच्या पगारात जमतं, पण टोचतं. कंपनीचा आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर. मला थंडीत, एसी बंद, सत्तरच्या वेगाने साक्री रस्त्याला तीस मिळतात. एरवी सत्तावीस-अठ्ठावीस. मे महिन्यात एसी पूर्ण आणि गाडी दिवसभर उन्हात, तेव्हा पंचवीस. माझं त्यावर काही म्हणणं नाही, खिशाला फरक स्पष्ट कळतो.

पण खान्देशात सीएनजी घेणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यावी, जी मला कोणी सांगितली नाही. टाकी ६० लिटरची, म्हणजे पाण्याच्या मापाने साठ. त्यात गॅस २०० बार दाबापर्यंत भरतात. थंडीत सकाळी सहाला भरला तर माझ्या टाकीत आठ किलोच्या आसपास बसतो. मे महिन्यात धुळ्याचा पारा चव्वेचाळीसवर असताना दुपारी भरला तर साडेसहालाच मशीन थांबतं. मी पंपावरच्या पोराशी वाद घातला होता, बिचारा म्हणाला, "मॅडम, टाकी तापली की गॅस फुगतो. दाब भरतो, माल भरत नाही." अगदी बरोबर बोलला, आणि विज्ञान मी शिकवते. तेव्हापासून उन्हाळ्यात भरायला पहाटे जाते. रांगही कमी असते. रांगेचं सांगायचं तर, सुरुवातीला पाऊण-पाऊण तास गेलाय. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, म्हणजे रात्री अकराला झोपलेल्या सासूबाईंना उठवून बाजूला उभं करायचं. हे जाहिरातीत नसतं. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून तपासणी, ती तारीख मी डायरीत लिहून ठेवलीय.

डिक्की गेली, हे वेगळं सांगायला नको. ३४१ लिटर म्हणून जिचं कौतुक केलं तिथे टाकी आडवी पडलीय. टाकीच्या पुढे-मागे उरलेल्या फटीत मी छत्री, जॅकचं सामान आणि शाळेचे गठ्ठे कोंबते. म्हणजे २०१२ च्या १८० लिटरवर नाक मुरडणारी मी आज त्याहूनही कमी जागेत संसार करतेय. ज्यांच्याकडे लग्न-कार्याला सामान न्यायचं असतं त्यांनी नीट विचार करावा.

ताकद. गॅसवर ५७ पीएस (अश्वशक्तीचं माप), पेट्रोलवर ६७. सपाट रस्त्याला एकटीने जाताना हा फरक जाणवतही नाही. चाळीसगाव ओलांडून कन्नड घाटात शिरलं, आत पाच माणसं आणि एसी चालू, की जाणवतो. आप्पांना डोळे दाखवायला नेत होतो तेव्हा तिसऱ्यात गाडी मरायला लागली, दुसऱ्यात घेतली तर नुसता आवाज. मागून एक जीप हॉर्न मारत होती. मग बटण दाबून पेट्रोलवर घेतली, एसी बंद केला, आणि निवांत चढली. आता घाटाच्या पायथ्याशी आधीच पेट्रोलवर घेते. साक्रीच्या पुढे कोंडाईबारीच्या घाटातही तेच करते. आप्पांची जुनी चार सिलिंडरची घाटात एवढी हाका मारायची नाही, असं मला वाटतं. पण तेव्हा आम्ही एसी लावायचो का, तेही आठवून बघायला पाहिजे.

उन्हाळ्यात मागे एसीची जाळी नाही हे लक्षात घ्या. पुढच्यांना हुडहुडी आणि मागच्यांना घाम, पहिले पंधरा मिनिटं तरी. आम्ही मागच्या काचांना जाळीचे पडदे लावलेत. शाळेत कडुलिंबाच्या झाडाखाली जागा मिळवायला मी दहा मिनिटं आधी पोचते. हेडमास्तरांना वाटतं मी वक्तशीर आहे.

सुरक्षेबद्दल लिहायलाच हवं, कारण मला स्वतःला ते खुपतं. गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ ला हिला पाचपैकी दोन तारे मिळाले होते. पुढे नियम कडक झाले, आणि २०२३ च्या चाचणीत मोठ्यांसाठी एक आणि लहान मुलांसाठी शून्य. हे मला घ्यायच्या आधी माहीत होतं. तरी घेतली, कारण गाडी साठ-सत्तरच्या वर न्यायचीच नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. स्वतःची समजूत काढायला माणूस हुशार असतो. माझ्या गाडीत दोन एअरबॅग. २०२५ पासून याच गाडीत सहा देतात. वर सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. शेजारच्या वहिनींनी नवरात्रात हीच गाडी घेतली, सहा एअरबॅगवाली, आणि मला पडली त्यापेक्षा एवढ्या कमीत की त्या फरकात माझा वर्षाचा गॅस निघाला असता. पेढे द्यायला आल्या तेव्हा मी दोन खाल्ले आणि विषय बदलला.

घेतानाचा एक त्रास. ज्या वितरकाकडून घेतली त्याने सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप असं वीस हजारांचं पॅकेज बिलात आधीच जोडून ठेवलं होतं. "दसऱ्याला डिलिव्हरी हवी ना मॅडम?" म्हणजे समजून घ्या. नवऱ्याने आवाज चढवला तेव्हा निम्मं कमी झालं. विमा मात्र बाहेरून काढला, त्यात बरेच पैसे वाचले. कोणाला घ्यायची असेल तर विम्याचे दर दोन-तीन ठिकाणी विचारूनच जा.

बिघाड म्हणावा तर एकच, आणि तो उंदराने केला. डिसेंबरात अमळनेरला वाड्यात कापूस रचलेला होता, गाडी तिथेच दोन रात्री उभी. तिसऱ्या दिवशी इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने कुरतडलेली वायर हातात धरून दाखवली, तिच्यात कापसाचा बोळा अडकलेला. २,८०० रुपये. आता माहेरी गेले की बॉनेट उघडं ठेवते, आप्पा संध्याकाळी खाली दिवा लावून ठेवतात. बाकी दहा-दहा हजाराला सर्व्हिस, तेवढंच.

राहिली गोष्ट अखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. यंदा माहेरी गेले, निघताना आप्पांनी दादर ज्वारीचं पोतं काढलं. सोबत भरिताची वांगी, पापड, सांजोऱ्यांचा डबा. डिक्की उघडून आप्पा टाकीकडे बघत राहिले. पूर्वी याच जागी दोन पोती जायची. मागच्या सीटवर पोरं, सासूबाई आणि वांग्यांची पाटी. नवरा म्हणाला मी बसने येतो, आणि खरंच एसटी स्टँडवर उतरून गेला. त्याच्या जागी पुढच्या सीटवर पोतं बसवलं. गाडी सुरू केली, आणि पट्टा लावला नाही म्हणून गाडी बोंबलायला लागली. शेजारी माणूस बसलाय असं समजली. टीं टीं टीं. मी बटणं शोधतेय, सासूबाई मागून "बंद कर ते" म्हणतायत.

आप्पा खिडकीतून आत वाकले, खरं तर वाकायची गरज नव्हती, आणि म्हणाले, "त्याले पट्टा बांधी दे ना."

बांधला. गप्प झाली. नवलनगरच्या पुढे एक खड्डा चुकला तेव्हा मी सवयीने डावा हात पोत्यापुढे धरला.