अबोली, 11 महिन्यांनंतर: 80 ची गेली, 20 ची उरली

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या बेळगावच्या शहापुरात वळीव पडला आणि अंगणातून तट् तट् आवाज यायला लागला. गारा समजून वाळत घातलेले कपडे काढायला धावले. गारा कसल्या, अबोलीची वाळकी बोंडं भिजून फुटत होती! एक बी टप्पकन माझ्या कपाळावर. त्याआधी लिहिलं असतं तर सूर वेगळा असता.

मागच्या जूनमध्ये दोन रोपं आणली. गावठी फिक्या केशरी रंगाची, 20 रुपये. दुसरी गडद 'दिल्ली', 80. जास्तीचे 60 कशाचे विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, "रंग बघा की ओ बाई."

रंग होता खरा. पण श्रावणात एका सकाळी दिल्लीवालीनं मान टाकली. उपटली तर बारीक मुळांवर गाठीच गाठी, म्हणजे सूत्रकृमी, मातीतून मुळांत शिरणारे बारीक जंत. पिशवीतल्या मातीच्या गोळ्यासकट लावली होती, ते माझं चुकलं. तसंच रोप घेऊन परत गेले तर म्हणे, "पाणी जास्त घातलं असणार." श्रावणात बेळगावात पाणी मी घालते होय? पैसे नाहीत, बदली रोप नाही, वर निंबोळी पेंडीची पिशवी गळ्यात मारली. (पेंड मात्र कामाची निघाली. आता प्रत्येक कुंडीत मूठभर.) आणि या दिल्लीला बी धरतच नाही, फांदी लावूनच वाढवायची. मेली की पुन्हा त्याच्याच दारात! हे त्यानं आधी सांगायला नको?

गावठीलाही दिवाळीपर्यंत मी नावं ठेवत होते. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आमचं बोअरचं पाणी जड, त्यात तिला लोह मिळत नाही. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी आणि शेणखत द्यायला लागले, तशी नवी पानं हिरवीगार आली. कणसात फुलं खालून वर उमलत जातात. सगळी झाली की कणीस खुडायचं, खाली नवे फुटवे येतात. हिवाळाभर न चुकता खुडलं. सासूबाईंचा शुक्रवारचा गजरा घरचा झाला, गणपत गल्लीतले दर आठवड्याचे 30 रुपये वाचले. वास नाही म्हणून त्यांची कुरकुर असते, पण मरवा घालून ओवतात आणि दोन दिवस तोच माळतात.

मार्चमध्ये कंटाळा केला, कणसं तशीच राहिली. फुलं कमी झाली म्हणून स्वतःवरच चिडले होते. आणि मग तो वळीव. शेजारच्या कानडी अव्वा हसल्या, म्हणाल्या कनकांबर (त्यांच्या भाषेत अबोली) असंच करतंय, वाळकी बोंडं वाटीभर पाण्यात टाकून बघ. टाकली. नातू अजून स्वयंपाकघरातून हलत नाही.

आज तुळशीच्या कट्ट्यात सात रोपं मोजली. नर्सरीत नेऊन विकू या का, हे चेष्टेनं म्हणाले. म्हटलं, न्या, पण 80 च्या खाली देऊ नका.