सोलापूरच्या नवी पेठेतलं फ्रेमचं दुकान: येशूच्या वधस्तंभाची कॅनव्हास प्रिंट घेण्याआधी

या दुकानाचं हातकाम चोख आहे. कापड जाड, कोपरे नीट दुमडलेले, स्टेपल एका रेषेत, शाई पिगमेंटची. गोची रंगात होते, आणि ती जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डच्या चित्रात सगळ्यात जास्त होते.

इझेनहाइमचं हे वेदीचित्र १५१२ ते १५१६ च्या सुमारास तिथल्या अँटनाइट (संत अँथनीच्या पंथाच्या) मठासाठी रंगवलं गेलं. मठाच्या इस्पितळात अर्गटच्या, म्हणजे धान्यावरच्या बुरशीच्या, विषबाधेचे रोगी असत. त्यांचंच दुखणं प्रभूच्या अंगावर दिसतं: कातडी हिरवट, जागोजागी काटे रुतलेले, बोटं ताठ फाकलेली. चौदाव्या शतकातल्या स्वीडनच्या संत ब्रिजिटला झालेल्या दर्शनांतही मरणाऱ्या ख्रिस्ताच्या देहाचं असंच निर्दय बारीक वर्णन आहे. अनेक अभ्यासक या चित्राचा धागा तिथवर नेतात.

पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे नमुन्याच्या छापात, हा देह चक्क गुलाबी आला. सॉफ्टवेअरचं ऑटो कलर हिरवट कातडीला चूक समजतं आणि सुधारून टाकतं. मग चित्रात उरतं काय? ऑर्डर देतानाच ऑटो कलर बंद ठेवायला सांगा. स्क्रीनवरच्या प्रूफवर होकार देऊ नका. छाती आणि एक हात येईल असा सहा इंची तुकडा त्याच कॅनव्हासवर छापून घ्या आणि उन्हाच्या उजेडात बघा. मागचं आभाळ सपाट काळं झालं असेल तर सावल्या किंचित उचलायला लावा. जास्त उचलल्या की राखाडी होतं.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचा क्रूस बिनधास्त घ्या. मूळ २४८ × १६९ सेंमी, त्यामुळे २४ × ३६ इंचात जेमतेम इंचभराचा फरक पडतो. पाय शेजारी-शेजारी, प्रत्येकाला वेगळा खिळा, म्हणून एकूण चार खिळे. त्याचे गुरू आणि सासरे पाचेको चार खिळ्यांचेच पुरस्कर्ते होते. पावलांखालची फळी कापली जाणार नाही एवढं तपासा.

स्पॅनिश चित्रकार दालीचं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं १९५१ चं चित्र मात्र या मापात बसवू नका. वरून खाली पाहण्याचा कोन त्यानं क्रुसाच्या संत योहानाच्या दर्शनातून उतरलेल्या रेखाटनावरून घेतला. मूळ २०५ × ११६ सेंमी. २४ इंच रुंदीला ४२ इंचांहून जास्त उंची लागते. ३६ मध्ये कोंबलं की एकतर खालची होडी जाते, नाहीतर वर क्रूस कापला जातो. शिवाय त्याचे हक्क अजून संपलेले नाहीत, परवानगीचं विचारून घ्या.

एक उणीव राहतेच. चौकटीचे कोपरे पक्के ठोकलेले असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर पुन्हा ताणायला कोपऱ्यांत ठोकायच्या पाचरी हव्यात. त्या बसतील अशी चौकट आधीच मागून घ्या.