हार्ड डिस्कला अडीच तारे, वायरीला शून्य

दीड वर्षापूर्वी घेतलेल्या एक टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण भांडण डिस्कशी कमी आणि तिच्याबरोबर आलेल्या वीतभर वायरीशी जास्त आहे.

मी गिरगावातल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. ४२ फ्लॅट, सगळा हिशोब एक्सेलमध्ये. वसुलीची फाईल मी थेट या डिस्कवरच उघडून काम करायचो. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची, आणि मी लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवला. डिस्क निसटल्याचा टुंग-टुंग आवाज आला. नेमकं त्याच क्षणी सेव्ह चालू होतं. फाईल सेव्ह झाली नाही असा निरोप आला, पडदा गोठला, आणि मी घाबरून पॉवरचं बटण दाबून धरलं.

ही चूक माझी. फाईल उघडली की एक्सेल ती मेमरीत घेतं. डिस्क निसटली तरी आकडे समोर शाबूत असतात. दोन मिनिटं थांबून 'सेव्ह अ‍ॅज' करून डेस्कटॉपवर टाकली असती तर हा लेखच झाला नसता. ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी प्रत ठेवतं म्हणे, पण लॅपटॉप हळू चालतो म्हणून तेही मीच बंद करून ठेवलेलं.

पुन्हा डिस्क लावली तर वसुलीची फाईल गायब! तिच्या जागी आठ अक्षरं-आकड्यांचं, शेपूट नसलेलं काहीतरी पडलेलं.

शनिवारी ग्रँट रोड स्टेशनवरून चालत मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी तसं म्हणत नाही. हो, रिक्षा तिथे येतच नाहीत, टॅक्सीवाला म्हणा.) पहिल्या मजल्यावर गाळा, जिना असा उभा की गुडघ्यांनी मला नाव घेऊन हाक मारली. काउंटरवर विशीतला मुलगा. डेटा गेला, इतके हजार लागतील, असलं काही न बोलता त्याने वायर बोटाने हलवली. डिस्कचा दिवा मिणमिणला आणि विझला.

"काका, डिस्क ठणठणीत आहे. वायर मेलीय. हबमध्ये लावता का?"

लावायचो. माउस, प्रिंटर आणि ही, तिघं एकाच हबवर, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीवर. तो म्हणाला, यूएसबी ३ चं पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतं. बिनअडॅप्टरच्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. त्यातून वायरीच्या त्या चपट्या पिनेची पकड सैल झालेली.

मग त्याने त्या बिनशेपटीच्या फाईलची प्रत काढून तिच्या नावापुढे एक्सएलएसएक्स हे एक्सेलचं शेपूट जोडलं. उघडली! सेव्ह करताना एक्सेल आधी अशा तात्पुरत्या नावाने सगळं लिहून घेतं, मग जुनी फाईल काढून हिला तिचं नाव देतं. माझी लिहून झाली होती, बारसं राहिलं होतं. अर्धवट लिहिलेली असती तर उघडलीच नसती, असंही तो म्हणाला. नवीन वायरीचे २५० रुपये घेतले. फाईलचे विचारले तर हसला.

जाता जाता त्याने डिस्कला 'एस' हे ड्राइव्हचं अक्षर कायमचं लावून दिलं. आधी ती ई होती, पण मध्ये पेनड्राइव्ह लावला की तो ई पटकावायचा आणि हिची एफ व्हायची. सोय चांगली, फक्त माझा वार्षिक तक्ता लॅपटॉपवर आहे आणि त्यातल्या लिंका अजून ई ड्राइव्हवरच वसुली शोधत होत्या. उघडताना लिंक अपडेट होत नाही असं एक्सेलने सांगितलं, मी पुढे चला म्हटलं. एका रकान्यात इंडायरेक्टचा (लिहून दिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारा) फॉर्म्युला होता, तिथे 'रेफ', म्हणजे पत्ता सापडत नाही, या निरोपाची रांग लागली. ती लगेच दिसली. बाकीच्या रकान्यांत मात्र जुने आकडे साळसूदपणे बसून राहिले. मी थकबाकीची यादी छापून नोटीस बोर्डावर लावली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ऑगस्टमध्येच चेक दिला होता. यादीत त्यांचं नाव, वर उपविधीप्रमाणे २१ टक्क्यांचं व्याजही. 'एडिट लिंक्स'मध्ये जाऊन 'चेंज सोर्स' करायला मला चार मिनिटं लागली, पण यादी दोन दिवस लागलेली होती.

डिस्कला अडीच तारे. मागच्या वर्षांच्या प्रती ठेवायला उत्तम, आता चालू फाईल लॅपटॉपवर आणि रात्री तिची प्रत डिस्कवर. दुकानाला साडेचार, अर्धा जिन्याचा कापला.

काकूंनी चेकबुकातला अर्धुक सेफ्टी पिनने नोटीस बोर्डावर लावलाय. अजून काढलेला नाही.