अपघातानंतर एचआयव्ही टेस्ट: कॅज्युअल्टीतच करायची की नंतर आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात)?

हैदराबाद रोडला गाडी घसरून पाय मोडलेला माणूस कॅज्युअल्टीत आणला की तासाभरात रक्त काढतात, एक्स-रे होतो, टिटॅनसचं इंजेक्शन होतं आणि त्याच गडबडीत एचआयव्ही पण करून टाकू का असं कुणीतरी विचारतं. किंवा विचारतच नाही. माझ्या चुलतभावाच्या वेळी एका दवाखान्यात विचारलंच नव्हतं, बिलात ती ओळ दिसली तेव्हा कळलं. रिपोर्ट निगेटिव्ह होता तरी न विचारता केली याचं त्याला फार लागलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की समजावून, संमती घेऊनच टेस्ट करायची, आणि टेस्ट केली तरच उपचार करू अशी अट कुणी घालू शकत नाही. म्हणजे नाही म्हणालात तरी पायाचं ऑपरेशन व्हायलाच पाहिजे. स्टाफच्या सेफ्टीचं म्हणाल तर ग्लोव्हज आणि सुयांची काळजी प्रत्येक पेशंटसाठी घ्यायचीच असते, कारण नुकतीच लागण झालेल्याचा रिपोर्टही निगेटिव्ह येऊ शकतो.

आता तुलना. कॅज्युअल्टीतली टेस्ट बहुतेक रॅपिड किटवर, अर्ध्या तासात निकाल. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माणूस हातात असतो. आपल्याकडे लूमवर काम करणारी, ट्रक चालवणारी तरणी पोरं धडधाकट असताना दवाखान्याची पायरी चढत नाहीत, अपघात झाला तरच येतात, आणि नंतर करू म्हणून घरी गेलेला परत येत नाही हे मी स्वतः बघितलंय. तोटा पण तिथंच आहे, वेदनेनं कळवळणारा माणूस सही करतो ती संमती कसली, बाजूच्या कॉटवर दुसऱ्याचे नातेवाईक बसलेले, समुपदेशनाला निवांत जागा नाही. आणि एका किटवर रिअॅक्टिव्ह (लागण असू शकते असं दाखवणारं) आलं म्हणजे पॉझिटिव्ह ठरत नाही ओ, ते तीन वेगवेगळ्या किटवर पक्कं करावं लागतं, तेवढ्यात घरात रडारड सुरू झालेली असते.

सिव्हिलसारख्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत हेच काम फुकटात होतं, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, निकाल गुप्त ठेवतात, आणि पॉझिटिव्ह आलंच तर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राला, जोडून देतात, तिथली औषधंही मोफत. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला ठेवला तर माणूस नेहमीसारखा जगतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे अजून कितीतरी घरांत माहीतच नाही. अडचण एवढीच की हे सहसा ओपीडीच्या वेळेत, आणि अपघात काय वेळ बघून होत नाही, शिवाय प्लास्टर घालून रांगेत कोण बसणार.

मला विचाराल तर पेशंट शुद्धीत असेल, दुखणं थोडं कमी झालं असेल आणि डॉक्टरनी नीट विचारलं असेल तर तिथंच करून घ्या, फक्त निकाल कुणाला सांगणार आणि रिअॅक्टिव्ह आलं तर पुढं कुठं पाठवणार हे आधीच विचारून घ्या. पेशंट तळमळत असेल तर त्या रात्री सोडा, पण डिस्चार्जच्या आधी वॉर्डात असतानाच आयसीटीसीला दाखवून घ्या, घरी जाऊन मग बघू असं करू नका. बेशुद्ध असेल तर संमतीचा फॉर्म जवळच्या नातेवाईकापुढं येतो, आणि उपचार टेस्टवर अडलेले नसतात तेव्हा मी तरी तो शुद्धीवर येऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबलो असतो.

एका बाबतीत मात्र थांबायचंच नाही. दुसऱ्याचं रक्त उघड्या जखमेत गेलं असेल, किंवा जखमीला उचलताना तुमच्या हाताला कापलं असेल, तर जागा साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत सांगा. पीईपीच्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या, गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा असतो. त्या दिवशीची टेस्ट ही लागण आधीच होती का एवढंच सांगते, त्यामुळं नंतर डॉक्टर सांगतील त्या तारखांना परत करावी लागते. रात्री कुणाला विचारावं कळत नसेल तर १०९७ ला फोन लावा, हेल्पलाइन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.